मंडईपाशी टप चढवला

सात महिन्यांच्या सोनूला सासूबाईंच्या हवाली करून उत्कर्षा कामावर आली, तो आजचा पहिला दिवस. बाळंतपणाआधी चार वर्षं ती पाहुण्यांना पुणं दाखवत होती. काम तेच, गाडीही तीच: दत्तोबांची अडतीस सालची, मरून रंगाची, कापडी टप मागे दुमडलेली, वरून सताड उघडी. बदलली होती ती एकटी उत्कर्षा. सोनू बाटलीला तोंड लावत नव्हती, वाटी-चमचा तर हातानं उडवून द्यायची. "आज काढून ठेवलेलं दूध प्याली नाही, तर उद्यापासून मी घरी," असं तिनं सकाळी नवऱ्याला, इंद्रजीतला, सांगून टाकलं होतं. सासूबाईंनी वर बजावलं होतं, "तू फोन करायचा नाहीस. लागलंच तर मी करीन."

दहाला निघाली, आता साडेबारा. फोन वाजला नव्हता. म्हणजे सगळं ठीक होतं, नाहीतर सासूबाईंना फोन करायलाही फुरसत नव्हती इतकं बिघडलं होतं.

मागच्या सीटवर औशाचे रावसाहेब आणि दुर्गाबाई होते. रावसाहेब निवृत्त मुख्याध्यापक. लग्नाला पन्नास वर्षं झाली म्हणून मुलानं ही सैर ठरवून दिली होती. उत्कर्षा पुढच्या सीटवर त्यांच्याकडे वळून बसली होती. बोलता बोलता दुर्गाबाईंचा पदर दाराबाहेर जातोय का, यावर तिची नजर. तीनदा सांगून झालं होतं.

"माय, पन्नास वर्षं पदर सांभाळू लागले की मी," दुर्गाबाई शेवटी म्हणाल्या.

मंडईपाशी गाडी अडकली. मागून रिक्षावाला ओरडला, "काका, संग्रहालय पुढे आहे!"

"माहीत आहे," दत्तोबा मान न वळवता म्हणाले. "तुमची रिक्षा तिथं सोडायलाच निघालोय."

उत्कर्षा हसली आणि मंडईच्या आठ कोनांबद्दल सांगायला लागली. तेवढ्यात रस्त्याकडेला लिंबं विकणाऱ्या बाईच्या मांडीवरच्या बाळानं भुकेनं टाहो फोडला. उत्कर्षाचं वाक्य मध्येच तुटलं. छाती भरून आली, दुखली, आणि काही कळायच्या आत पिवळ्या कुर्त्यावर दोन ओले डाग पसरले. चारी बाजूंनी माणसं, डोक्यावर आभाळ. तिनं जुन्या फोटोंची फाइल छातीशी घट्ट धरली.

"मंडईचा जुना फोटो दाखवा की बाई," रावसाहेब म्हणाले. "कोन मोजून बघू."

"दाखवते... जरा पुढे गेल्यावर."

"पुढं गेल्यावर मंडई मागं राहील की!" त्यांनी हात लांबवून फाइलचा कोपरा धरलासुद्धा.

दुर्गाबाईंनी त्या हातावर चापट मारली. "गप बसा हो. अख्खी मंडई समोर उभी हाय, फोटो कशाला?" मग दत्तोबांना म्हणाल्या, "गाडी कडेला घ्या अन् टप चढवा. मला ऊन लागू लागलंय."

डिसेंबरचं ऊन. आणि बाई सकाळपासून शाल पांघरून बसलेल्या.

"टप चढवायला दोन माणसं लागतात," दत्तोबा म्हणाले. "मी एकच आहे."

"हे दुसरे," म्हणत दुर्गाबाईंनी नवऱ्याला खाली उतरवलं.

दोघं कापड आणि दांड्यांशी झुंजू लागले. भाजीवाल्यांनी फुकटचे सल्ले दिले. टप डोक्यावर आला तशी दुर्गाबाईंनी आपली शाल काढून उत्कर्षाच्या खांद्यांवरून पुढे ओढली.

"पान्हा फुटलाय. लेकरू केवढं हाय?"

"सात महिन्यांची. आज पहिल्यांदाच सोडून..."

"मग लाव की फोन. कुणाला भ्यायलीस?"

फोन लगेच उचलला गेला. "तुला नको म्हटलं होतं ना?" सासूबाई दबक्या आवाजात म्हणाल्या. "झोपलीय ती. वाटीनं घेतलं दूध. थोडं माझ्या साडीला पाजलं, पण बाकीचं पोटात गेलं. ठेव आता, उठेल."

उत्कर्षानं फोन ठेवला आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं.

"नाही प्याली का?"

"प्याली."

दुर्गाबाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. "माझी थोरली पहिल्या दिवशी शाळेत गेली, वळूनसुद्धा बघितलं नाही तिनं. मी घरी येऊन चुलीपुढं रडले. ह्यांना वाटलं, धूर लागला."

"मला अजून तसंच वाटतंय," टपाची दांडी धरून उभे असलेले रावसाहेब बाहेरून म्हणाले. "धूरच असेल तो."

उत्कर्षाला रडता रडता हसू फुटलं. रावसाहेब मागे चढले, दत्तोबा हात पुसत स्टिअरिंगपाशी येऊन बसले. शालीकडे, तिच्या लाल डोळ्यांकडे त्यांनी एकदाच पाहिलं आणि समोर बघत विचारलं, "वारज्याकडे वळवू का? पाहुण्यांना तुझं घर दाखवू. तेही पुण्यातच आहे."

पाहुण्यांची ना नव्हती. दुर्गाबाई तर सरसावून बसल्या. उत्कर्षानं फोनकडे पाहिलं. दुपट्यात, दोन्ही मुठी कानांपाशी घेऊन झोपलेली सोनू तिच्या डोळ्यांसमोर आली. धावत जाऊन उचलावंसं वाटलं.

"नको," ती म्हणाली. "आत्ता कुठे डोळा लागलाय तिचा. मी जाईन की संध्याकाळी, रोजच्यासारखी."

बोलून गेली आणि 'रोजच्यासारखी' हा शब्द तिचा तिलाच ऐकू आला. मग तिनं शाल नीट लपेटून घेतली, मागे वळून बसली आणि म्हणाली, "हं, तर आता आपण तुळशीबागेकडे निघालोय."