खुंटीवरच्या तिघींतली धाकटी

मी एक जुनी रायफल आहे, तिघी बहिणींतली सगळ्यात धाकटी. मित्रांनो, आज माझ्या नळीवर गंज चढला आहे आणि दस्त्यावर कोंबड्यांची शीट वाळून घट्ट झाली आहे. मला कुणी हात लावत नाही. का लावत नाही, ते मी तुम्हाला सांगणार आहे. ज्याला गोड शेवट लागतो त्याने इथूनच मागे फिरावे.

माझा जन्म पूर्वेकडच्या एका कारखान्यात झाला. माझा दस्ता अक्रोडाच्या लाकडाचा. एका बाईने तो दिवसभर तेल लावून घासला, तेव्हा त्याच्या रेषा उमटल्या. चापाभोवती मला एक लोखंडी कडी बसवली. ही कडी खाली ओढली की रिकामे टरफल बाहेर उडते आणि वर आणली की नवे काडतूस आत शिरते. आमच्या जातीची हीच ओळख. मग मला खोक्यात घालून आगगाडीने मोंटानात पाठवले. तिथल्या एका डोंगराळ गावातून होबार्ट क्रेल नावाच्या माणसाने मला घरी नेले.

होबार्ट लाकडाच्या गिरणीत करवतीवर काम करायचा. त्याच्या घरी शेगडीच्या वर तीन खुंट्या होत्या. वरच्या खुंटीवर थोरली असायची, जाड नळीची. तिचे काडतूस माणसाच्या बोटाएवढे. तिच्याखाली मधली. सगळ्यात खाली मला जागा मिळाली. माझे काडतूस म्हणाल तर हरभऱ्याच्या दाण्याहून थोडे लांब.

होबार्टच्या मुलाचे नाव रॉस्को. तो सात वर्षांचा झाला त्या दिवशी होबार्टने आम्हा तिघींना टेबलावर ओळीने मांडले आणि त्याला शिकवायला बसवले.

"ससा, खार, रानकोंबडी, हिचं काम," त्याने माझ्यावर बोट ठेवले. "हरीण मधलीचं. एल्क आणि अस्वल फक्त थोरलीचं. का ते सांग."

रॉस्को म्हणाला, थोरली जोरात मारते म्हणून.

"तसं नाही, पोरा. लहान गोळीनं मोठं जनावर मरत नाही. ते झाडीत जाऊन चार दिवस सडतं. आणि मोठ्या गोळीनं ससा मारलास तर ताटात वाढायला काही उरत नाही. आधी जनावर बघायचं, मग खुंटीकडं हात न्यायचा."

असा शहाणा माणूस होता तो. एल्क म्हणजे घोड्याएवढे हरीण. चुकीच्या जागी गोळी लागली तर ते मैलोन् मैल चालत जाते आणि कुठेतरी पोट धरून पडते. होबार्टला ते सहन होत नसे. जनावराची त्याला जेवढी कीव होती तेवढी माणसाची असती, तर ही गोष्ट घडलीच नसती.

माझी पहिली वर्षे सुखाची गेली. रॉस्को मला घेऊन ओढ्याकाठी जायचा आणि त्याची आई आयडेल सशाच्या रश्श्याची वाट बघत बसायची. सुख म्हणते खरी, पण सशाला ते सुख नव्हते. एकदा माझी गोळी सशाच्या पाठीला लागली. तो मेला नाही, तान्ह्या मुलासारखा ओरडत राहिला. रॉस्को रडायला लागला. होबार्टने त्याला दुसरी गोळी झाडू दिली नाही. "टाचेनं संपव. म्हणजे पुढच्या वेळी नीट नेम धरशील." पोराने डोळे मिटून टाच ठेवली. पुढच्या वेळी त्याने खरेच नीट नेम धरला. होबार्टचे शिकवणे असे असायचे आणि ते कधी वाया जात नसे.

डोंगरात त्यांचे एक लाकडी खोपट होते. दर वर्षी पाने झडली की शिकारीच्या हंगामात होबार्ट, रॉस्को आणि होबार्टचा जुना सोबती ऑली लिंडक्विस्ट तिथे मुक्कामाला जायचे. आम्ही तिघी बरोबर असायचो. त्या खोपटात होबार्टने घातलेला एक नियम होता. ज्याच्या गोळीने एल्क जागीच न पडता जखमी होऊन पळेल त्याने हंगाम संपेपर्यंत धाकटी वागवायची. पाण्याला जायचे असो, लाकडाला असो, मेलेल्या जनावराचे मांस वाहून आणायचे असो, त्याच्या हातात मीच. दुसरी बंदूक मिळायची नाही. आणि मांस वाहायचे कामही त्याचेच.

मला तो नियम कळला तेव्हा मला वाईट वाटले. पोराच्या हातातली मी, आता मी कुणाची तरी शिक्षा झाले होते.

रॉस्को एकोणीस वर्षांचा असताना त्याची गोळी एका नर एल्कच्या पोटात लागली. पाच दिवसांनी कावळ्यांनी ते जनावर दाखवले. रॉस्कोने बारा दिवस मला खांद्यावर वागवले. ऑली रोज सकाळी म्हणायचा, "खारींनो, आज जपून राहा गं." तेवढ्यावर भागले असते. पण हंगाम संपल्यावर गावात उतरताना होबार्टने त्याला मला घेऊनच खानावळीत नेले. तिथे व्हर्ना नावाची मुलगी वाढायला होती. रॉस्को तिच्यासाठी तिथे जातो हे साऱ्या गावाला माहीत होते. होबार्ट तिला म्हणाला, "याला काहीतरी मऊ वाढ, बाई. मोठं जनावर याला पचत नाही."

सगळे हसले. व्हर्नाही हसली, गिऱ्हाइकाला हसतात तशी. पुढे तिने रॉस्कोशीच लग्न केले आणि संसार चांगला केला. पण रॉस्को त्या दिवशी खाली मान घालून जेवला ते मी पाहिले आहे, कारण मी त्याच्या गुडघ्यांना टेकून उभी होते. त्यानंतर बावीस वर्षांत त्याची एकही गोळी वाया गेली नाही. बापाला तो 'तुम्ही' म्हणायचा, त्याचे जोडे कोरडे करून ठेवायचा, आणि त्याच्याशी कामापुरते बोलायचा.

आयडेल वारली. होबार्ट सत्तरीच्या पुढे गेला. त्याच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू वाढत होता आणि तो कुणाला सांगत नव्हता. कॉफी ओतताना तो कपाची कड बोटाने चाचपून बघायचा. ते ऑलीला दिसत होते, रॉस्कोलाही दिसत होते. दोघेही गप्प होते.

त्या वर्षी हंगामाच्या चौथ्या दिवशी होबार्ट थोरली घेऊन गेला. मी खोपटातच होते. घडले ते मी संध्याकाळी ऐकले. ऐंशी पावलांवर एल्क आडवा उभा होता. असा नेम होबार्टने आयुष्यात चुकवला नव्हता. गोळी मागच्या मांडीत लागली. जनावर तीन पायांवर दिवसभर पळत राहिले. अखेर दिवस कलताना रॉस्कोने ते गाठले आणि मधलीने मानेत एक गोळी घालून सोडवले. तिथेच त्याने ते फाडले, आतडी तिथेच टाकली आणि चार तुकडे करून फांदीला बांधले. वाहून आणायला उजेड उरला नव्हता.

रात्री शेंगदाण्याएवढे घास करून होबार्ट डुकराचे मांस आणि घेवडा खात राहिला.

सकाळी रॉस्कोने मला खुंटीवरून काढले. फडक्याने माझी नळी पुसली, काडतुसे भरली, आणि दोन्ही हातांनी मला बापासमोर धरले. एखाद्या पाहुण्याला पाण्याचा पेला द्यावा तसे.

"बाबा, तुम्ही पुढं व्हा. खेचरांना जीन घालून आम्ही अर्ध्या तासात येतो."

ऑलीच्या हातातला कप तसाच राहिला. तो म्हणाला की हा पोरखेळ आहे, आता पुरे. आतडी उघड्यावर पडली आहेत, वास रात्रभर दरीत उतरला असेल आणि अस्वले अजून हिवाळ्याच्या झोपेला गेलेली नाहीत. मग त्याने मधली काढून होबार्टपुढे केली. "निदान ही घे. म्हातारा झालास म्हणून अक्कल गेली की काय."

होबार्टने मधलीकडे पाहिले, थोरलीकडे पाहिले. मग रॉस्कोकडे पाहिले.

"याला दिली होती का मी मधली?" तो म्हणाला. "नियम माझाच आहे."

मित्रांनो, त्या खोलीत तेव्हा एका शब्दाची गरज होती. बापाने 'माझं चुकलं' म्हटले असते तर लेकाने मला परत खुंटीवर ठेवले असते. लेकाने 'राहू द्या' म्हटले असते तर बापाने हुश्श केले असते. मी दोघांच्या हातांच्या मध्ये होते. पण शब्द कुणीच उच्चारला नाही. होबार्टने मला घेतले आणि तो बाहेर पडला.

तो सावकाश चढला. वाटेत दोनदा बसला. त्या झाडाजवळ पोचलो तेव्हा फांदीला बांधलेले मांस तिथे नव्हते, दोर तेवढे लोंबत होते. झाडाखाली मातीचा ढीग होता, वर पाला आणि मोडलेल्या फांद्या. चांगला डोळा असता तर त्याला तो ढीग शंभर पावलांवरून कळला असता. करडे अस्वल आपले खाणे असे मातीखाली पुरून ठेवते आणि जवळच राखण करत बसते. होबार्टला तो ढीग वीस पावलांवर दिसला. तो जागीच थांबला. मग एकेक पाऊल मागे सरकू लागला. तेही तो बरोबरच करत होता.

अस्वल ढिगाच्या पलीकडून उठले.

होबार्टने कडी खाली-वर केली आणि चाप ओढला. मी माझे काम चोख केले. गोळी अस्वलाच्या खांद्याला लागली आणि त्याने गोमाशी बसावी तशी कातडी हलवली. दुसरी लागली. तिसरी लागली. म्हाताऱ्याचा हात या वेळी जराही चुकला नाही. सातही गोळ्या लागल्या, आणि प्रत्येक गोळीने ते जनावर जास्तच चिडले. आठवे काडतूस माझ्या नळीत शिरले होते, पण तोवर चाप ओढायला होबार्टचे बोट राहिले नव्हते.

त्या वेळी खाली काय चालले होते ते ऑलीने पुढे सांगितले. मला नव्हे, मला पुसताना स्वतःलाच सांगितले. ते दोघे ओढ्यापाशी पोचले होते. माझा आवाज बारीक, वाळकी काटकी मोडावी तसा, पण थंड हवेत तो लांब जातो. पहिल्या दोन आवाजांनाच ऑली म्हणाला, "अस्वल आहे. पळ, रॉस्को."

रॉस्को खेचराचा पट्टा आवळत होता. त्याने मान वर केली नाही.

"खार दिसली असेल त्यांना," तो म्हणाला.

तिसरा, चौथा, पाचवा. ऑलीने खेचरावरून थोरली ओढून काढायचा प्रयत्न केला. रॉस्कोने तिच्यावर हात ठेवला. सहावा. सातवा. मग आवाज थांबला, आणि तेव्हा रॉस्कोचा चेहरा पांढरा पडला. तो थोरली घेऊन असा धावला की ऑली म्हणतो, हरणालाही तो चढ तसा चढता आला नसता. वर येऊन त्याने अस्वलाला एकाच गोळीत आडवे केले. थोरली ते काम फार नीट करते.

ज्या खेचरावर मांस लादायचे होते त्यावर त्याने बापाला लादले. होबार्टच्या अंगाची एक बाजू सारी फाटली होती. रॉस्को लगाम धरून पुढे चालत होता, ऑली मागून म्हाताऱ्याला सावरत होता. मी ऑलीच्या पाठीवर होते. अर्ध्या वाटेवर होबार्टने डोळे उघडले.

"किती गोळ्या ऐकल्यास?" त्याने विचारले.

रॉस्को थांबला. खोटे बोलायला त्याला पुष्कळ जागा होती. ओढ्याचा आवाज होता, वारा होता.

"सगळ्या," तो म्हणाला.

होबार्टने मान त्याच्याकडे वळवली. मग त्याने आयुष्यात लेकाला दिली नव्हती ती शाबासकी दिली.

"मग थोरली आता तुझी," तो म्हणाला. "शोभेल तुला."

रस्ता लागायच्या आत तो गेला.

जंगल खात्याचा माणूस आला तेव्हा ऑलीने सांगितले की आवाज ऐकताक्षणी आम्ही धावलो. रॉस्कोने ते तसेच राहू दिले. गावाने त्याची कीव केली, व्हर्नाने त्याला छातीशी धरले. तो अजूनही शिकार करतो, अजूनही त्याचा नेम चुकत नाही. पण एल्क असो की हरीण, तो मधलीनेच मारतो. थोरलीला कुणी हात लावलेला व्हर्नाने पाहिलेला नाही. आणि मला त्याने त्याच आठवड्यात गोठ्यात आणून भिंतीला उभे केले. त्या वर्षी ऑली दोनदा येऊन मला पुसून गेला. मग त्याचेही येणे थांबले. गेल्या हिवाळ्यात माझी कडी जाम झाली. ते आठवे काडतूस अजून माझ्या आत अडकलेले आहे.

मित्रांनो, मला तेल लावा, मला पुसा, असे मी तुम्हाला सांगणार नाही. माझे दिवस गेले. पण जनावर बघून बंदूक निवडावी, हे होबार्ट शिकवत असे, आणि ते खरे आहे. तो जे शिकवायला विसरला ते मी सांगते. कुणाला लाज वाटावी म्हणून त्याच्या हातात कधी अपुरे हत्यार देऊ नका. त्याला लाज वाटेल, तुम्हाला बरे वाटेल, आणि तेवढ्यात समोरून अस्वल येईल. अस्वलाला तुमचे नियम ठाऊक नसतात.