सहा कारागीर

त्या दिवशी सकाळी नवी कार्डं छापून आली. ब्रशला दोऱ्याने बांधायची, बोटभर लांबीची. बाबांनी त्यातलं एक उचललं, हात लांब करून डोळ्यांपासून दूर धरलं आणि मोठ्याने वाचलं, "आमच्या कुशल कारागिरांनी हाताने घडवलेले."

"कसं वाटतंय?" मी विचारलं.

"शुद्धलेखनाची एकही चूक नाही," बाबा म्हणाले. "बाकीच्या चुका काढणारे आपण कोण?"

आमचं दुकान म्हणजे रस्त्यावरची एक खोली, मध्ये पडदा, आणि पडद्यामागच्या खोलीत बाबा. कपड्यांचे ब्रश, बाटल्यांचे ब्रश, जळमटं काढायचे लांब दांड्याचे ब्रश, सगळे तिथेच होत. लाकडी फळीला छिद्रं पाडायची, मागून तार घालून पुढे तिचा फास काढायचा, फासात काथ्याची जुडी मधोमध अडकवायची आणि तार खेचायची, की जुडी दुमडून छिद्रात घट्ट बसते. कपड्यांच्या एका ब्रशला अशी चौऱ्याऐंशी छिद्रं. शेवटी मोठ्या कात्रीने टोकं सारखी करायची. याला बाबा 'केस कापणं' म्हणत. त्यांच्या स्वतःच्या डोक्यावर केस नावाला नव्हता. "मला मिळाले नाहीत, म्हणून लाकडाला लावतो," असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत.

कार्डावरचे कारागीर कुठून आले, ते सांगायला हवं. बारा वर्षांपूर्वी नोकरी सोडून मी दुकान बघायला लागले. पहिल्याच महिन्यात एक बाई आल्या. त्यांचं घरगुती वस्तूंचं मोठं दुकान होतं, काचेच्या दारांचं. ब्रश उलटासुलटा करून त्यांनी विचारलं, "करतं कोण हे?"

तोवर मी पुष्कळ पुस्तकं वाचली होती. श्रमाच्या मोलावर तासभर बोलू शकले असते. पण मागच्या खोलीत बनियनवर बसलेला एकटा म्हातारा काही माझ्या तोंडून बाहेर पडेना.

"आमचे कारागीर आहेत," मी म्हणाले. "सहाजण."

तेवढ्यात पडदा सरकला. बाबा हातात ब्रशांचा गठ्ठा घेऊन आले आणि मान खाली घालून म्हणाले, "ताई, माल कुठे ठेवू?"

"तिथे ठेवा," मी म्हणाले.

बाई गेल्या. मी काही बोलणार, तर बाबाच म्हणाले, "सहाच का सांगितलेस? दहा सांगायचे. खोटंच बोलायचं, तर हात आखडता कशाला?"

तेव्हापासून मी घरातही ताई झाले. त्या बाईंना बाबांनी 'उद्याबाई' नाव ठेवलं, कारण त्यांना सगळं उद्याच हवं असे. त्या आल्या की बाबा आमचे नोकर होत, आणि त्या गेल्या की उरलेल्या पाचजणांच्या तक्रारी माझ्या कानावर घालत. "तिसऱ्याचे गुडघे धरलेत. चौथा विचारतोय, पंखा कधी दुरुस्त होणार? आणि तो पाचवा पक्का आळशी आहे, काढूनच टाक त्याला." मग जरा थांबून, "नको, राहू दे. बिचाऱ्याला एकच मुलगी आहे. तीही पुस्तकं वाचते."

मी हसत असे. पुढच्या खेपेला उद्याबाईंना खरं सांगायचं, असं दर वेळी ठरवत असे. पुढची खेप आली की वाटे, इतक्या दिवसांनी आता कोणत्या तोंडाने सांगू? दिवसांची वर्षं झाली. नवी कार्डं छापताना ती ओळ बदलणं सहज शक्य होतं. मी फक्त अक्षरांचा रंग बदलला.

त्या संध्याकाळी बाबांनी हात धुतले, पंच्याला पुसले आणि माझ्या टेबलासमोर येऊन उभे राहिले.

"ताई, एक अर्ज होता."

"बोला."

"बारा वर्षं झाली चाकरीला. आता मुकादम तरी करा."

"विचार करू," मी वहीतून मान वर न काढता म्हणाले.

"करा, करा. घाई नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा उठले नाहीत. डॉक्टर म्हणाले, झोपेतच गेले, त्रास झाला नसावा. "त्याला त्रास द्यायची सवय होती, करून घ्यायची कुठे होती?" आत्या म्हणाली.

तीन आठवड्यांनी मी दुकान उघडलं. उद्याबाईंची चाळीस ब्रशांची मागणी होती. एकतीस तयार होते. बत्तिसाव्याची निम्मी छिद्रं भरायची राहिली होती. मी स्टुलावर बसून एक जुडी खेचून पाहिली. ती बसली आहे असं वाटलं, पण बोट लावताच निघून हातात आली. पुन्हा खेचली, पुन्हा आली. मी अकरावीत असताना बाबा मला हे शिकवायला बसले होते, पण तेव्हा माझी परीक्षा होती. नंतर कधी त्यांनी विचारलं नाही, मीही म्हटलं नाही.

दुपारी उद्याबाई आल्या, नेहमीसारख्या धापा टाकत.

"अहो, किती दिवस बंद! मी दोनदा येऊन गेले. झाले का चाळीस?"

"एकतीस आहेत."

"सहाजण असून? अहो, एकेकाला दोन-दोन वाटून द्या, उद्यापर्यंत होतील." त्यांनी पिशवीतून बिस्किटांचा पुडा काढून टेबलावर ठेवला. "आणि आमचे टक्कलवाले काका कुठेत? हे त्यांना द्या. नाही, राहू दे, मीच देते. तुम्ही देत नाही म्हणे बिस्किटं."

बाबांची साखर का उतरत नाही, म्हणून मी दोनदा डॉक्टर बदलले होते.

"असं सांगितलं त्यांनी?"

"सगळं सांगतात ते मला, तुम्ही आत माल मोजायला गेलात की. दुसरा चहा मागितला तर तुम्ही डोळे वटारता, हेही सांगितलंय. पण लगेच वर म्हणतात, 'मनाने सोनं आहेत हो आमच्या ताई, फक्त तोंडातून शब्द निघत नाही.'" उद्याबाईंनी पडद्याकडे पाहिलं. "अहो काका! आहात का आत?"

त्या पडद्याकडे निघाल्या. मी उठून त्यांच्या आड उभी राहिले.

"ते नाहीत. वारले. तीन आठवडे झाले."

"अगं बाई," त्या म्हणाल्या आणि टेबलाला धरून उभ्या राहिल्या. "त्यांच्या घरी कोण आहे?"

"मी आहे," मी म्हणाले. "ते माझे वडील होते."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"मग इतकी वर्षं सांगितलं का नाहीत?"

"लाज वाटली."

"वडिलांची?"

"आधी त्यांची. मग माझी."

उद्याबाई खुर्चीवर बसल्या. पुडा उचलून त्यांनी मांडीवर घेतला, पुन्हा टेबलावर ठेवला.

"आणि बाकीचे पाचजण?" त्यांनी हळूच विचारलं.

"कोणी नाहीत. कधीच नव्हते. बारा वर्षं तुम्ही इथून नेलेला एकेक ब्रश माझ्या बाबांनी केलाय. एकट्यांनी."