हसाजी तेल्याचा शनिवार

"सिस्टर, नुसती एक सही," रिवकाबाईंच्या ओसरीवर येऊन बसलेल्या वाल्मीकने अर्ज पुढे सरकवला. "साहेबांनी आज सकाळीच होकार दिलाय. पाचच्या आत कागद गेला तर नाव स्वातंत्र्याच्या पन्नाशीच्या शिळेवर बसेल. नाहीतर विषय संपला."

रिवकाबाईंनी पेनाला हात लावला नाही. दोन वर्षं त्या याच कारकुनाच्या टेबलाशी खेटे घालत होत्या. वडील, हसाजी वाकरूळकर, तुरुंगात गेले नव्हते, म्हणून स्वातंत्र्यसैनिकाचा दाखला नव्हता. वणीकडचा सहादू साक्षीला आला तेव्हा कुठे फाईल हलली, आणि मेली हलली तीही शनिवारी!

"आज आमचा शब्बाथ, यहुद्यांचा विश्रांतीचा दिवस. आज लिहीत नाही आम्ही. संध्याकाळी तारे दिसले की शब्बाथ सुटतो, मग करते."

"ऑफिस ताऱ्यांवर चालतं का, सिस्टर? बरं, अंगठा तरी द्या."

"मॅट्रिक झालेली नर्स अंगठा देईल?" त्या थकून हसल्या.

बाकावर बसलेला सहादू खाकरला. "भाऊसाहेब, बेचाळीसात पत्रकं घेऊन मी हसाजी शेठच्या तेलाच्या दुकानात माळ्यावर लपलो व्हतो. अंगात ताप, खोकला लय. एका शनवारी पोलीस दारात आले. शनवार तेलीच म्हनायचे यांना, शनवारी घाना कधी फिरला नाय. त्या दिशी शेठनी सोता बैल जुपला. घान्याच्या कुरकुरीत माझा खोकला बुडाला."

"आणि मरेपर्यंत दरसाल प्रायश्चित्ताच्या मोठ्या उपासाला त्या शनिवाराची माफी मागत राहिले," रिवकाबाई म्हणाल्या. "मीही ड्यूटीवर कितीतरी शनिवार मोडले, पण आजाऱ्यांसाठी. बाबांनी जीव वाचवायला मोडला. दगडावर नाव कोरायला मी कसा मोडू?"

हे नाव त्यांना फार हवं होतं.

साडेचारला वाल्मीक सहादूचा, स्वतःच्या नावासाठी सही केलेला अर्ज घेऊन गेला. हसाजींचा तिथेच राहिला.

श्रावणातलं आभाळ भरलेलं. तारे काही दिसेनात. दाट अंधार पडल्यावर रिवकाबाईंनी दिवा लावला, चष्मा पुसला आणि वळणदार अक्षरात सही केली.

"आता कुठं द्यायचा ह्यो?" सहादूने विचारलं.

"कुठेच नाही."

सहादूने अर्जाची घडी केली, ती टोपीत ठेवली आणि टोपी डोक्यावर नीट बसवून तो वणीच्या गाडीला निघाला.