रडणाऱ्या झाडाची आत्या

अंगणात इतकी गर्दी होती की दातांच्या डॉक्टरीणबाईंना स्वतःच्याच घरात शिरायला धक्के खावे लागले. एकाने तर ‘ओ ताई, रांगेत या’ म्हणून दटावलंही.

सगळ्यांचे डोळे घरावर झुकलेल्या जुन्या झाडाकडे लागले होते. ते सासूबाईंच्या खोलीवर कोसळेल या भीतीने या डॉक्टर सुनेनेच लाकूडतोड्याला बोलावलं होतं. त्याने पहिला घाव घातला आणि खोडातून पाणी वाहू लागलं. झाड रडतंय म्हणत गडी कुऱ्हाड टाकून पळाला. दुसऱ्याच दिवशी अश्रूबाबा हजर! कालपर्यंत हा गृहस्थ लोकांचे हात बघून पोट भरायचा. झाड रडलं आणि त्याचं नशीब फळफळलं.

झाड म्हणजे मागच्या जन्मीची या घरची आत्या, असं त्याने जाहीर केलं. आत्याला तोडाल तर वंश बुडेल आणि तिचे अश्रू प्याल तर मूळव्याधीपासून मुलीच्या लग्नापर्यंत सगळं मार्गी लागेल. मग तो शालीने खोडाचं ‘तोंड’ पुसायचा आणि अश्रू सुरू व्हायचे. लोक बाटल्या लावायचे.

सुनेला हसू आलं असतं, पण त्या दिवशी सासूबाई ओट्याला धरून कशाबशा उभ्या होत्या. मधुमेहाच्या गोळ्या त्यांनी बंद केल्या होत्या. गोळ्या आणि अश्रू यांचं पोटात भांडण होतं म्हणे.

“तुझ्या गोळ्या जन्मभर खायच्या,” त्या म्हणाल्या. “आत्या महिन्यात बरं करते.”

सुनेने त्यांची बाटली खिडकीपाशी नेली. अश्रूंत काहीतरी वळवळत होतं. ती मागच्या बाजूने झाडापाशी गेली आणि हातोडीच्या दांड्याने खोडावर ठोकू लागली. खाली ठक्क आवाज आला, वर ढब्ब. किडलेल्या दाढांवर ठोकण्यात तिचं अर्धं आयुष्य गेलं होतं. पोकळी तिला सांगावी लागत नव्हती. गच्चीवरून झाडाचं बेचकं हाताला येत होतं. त्यात बादली मावेल एवढ्या तोंडाची ढोली होती, थेट कुऱ्हाडीच्या खाचेपर्यंत उतरलेली आणि पावसाच्या पाण्याने काठोकाठ भरलेली. सुनेने दवाखान्यातून एक छोटी बाटली आणली आणि ती ढोलीत ओतून पाणी ढवळलं.

दुपारी बाबाने आत्याला साद घातली, तोंड पुसलं. लालभडक अश्रू आले.

गर्दी मागे सरकली. बाबाही दचकला, पण गडी मुरलेला.

“आत्या कोपली! रक्ताचे अश्रू!”

“आत्याचं रक्त माझ्या कपाटात असतं,” सून गच्चीवरून म्हणाली. “मुलांच्या दातांवरचं किटण दिसावं म्हणून लावते. कुणाला निळे अश्रू हवे असतील तर निळा रंगही आहे.”

खाली येऊन तिने बाबाच्या हातातली शाल झटकली. कुऱ्हाडीच्या खाचेत बसवायचा आणि ‘तोंड’ पुसताना हळूच काढायचा मेणाचा बोळा टपकन पडला. मग तिने सासूबाईंची बाटली उन्हात धरली आणि डासांच्या अळ्या सगळ्यांना दाखवल्या. रोज तीर्थ पिणारे एक काका घाईघाईने भिंतीमागे गेले. बाबा त्यांच्या आधीच निघाला होता.

लाकूडतोड्या दुसऱ्या दिवशी ओशाळून परत आला. पोकळ खोड कुठल्या बाजूला पडेल याचा नेम नसतो, म्हणून ते बुंध्यातून एकदम पाडायचं नाही, असं त्याने बजावलं. घर रिकामं केलं. झाडाच्या उंचीच्या दुप्पट अंतरावर दोरी बांधली आणि तिच्या आत कुणालाही येऊ दिलं नाही. त्याने गच्चीच्या बाजूने आधी फांद्या दोरांनी बांधून एकेक खाली सोडल्या, मग खोडाचे वरून तुकडे केले. संध्याकाळपर्यंत काम झालं, घराला ओरखडाही नव्हता.

सासूबाईंनी खोडाच्या वरच्या तुकड्यात डोकावून पाहिलं. आत हाताने भुगा निघत होता.

“ही आत्या माझ्या उशीवरच आली असती गं,” त्या म्हणाल्या आणि गोळी जेवणाआधी घ्यायची की नंतर, ते विचारू लागल्या.

झाड रडतं की नाही, ते झाडालाच ठाऊक. पण पाणी कुठून येतं हे बघायला कुणाचा आशीर्वाद लागत नाही. आधी डोकावून बघा. हात जोडायचे की नाहीत ते मग ठरवा.