एकही रोजा न सोडलेली

रमजानच्या अठ्ठाविसाव्या दिवशी दुपारी हाज्जा नबविया आपल्या सुनेला धरून आमच्या एक्स-रे खोलीत घेऊन आली. ईदच्या कहक बिस्किटांची परात भट्टीवर नेताना इब्तिसाम जिन्यावरून घसरली होती. कंबर दुखत होती.

"बिस्किटं जिन्याने खाल्ली," हाज्जा म्हणाली, "आणि लंगडतेय ही!"

मी नेहमीचं विचारलं, "दिवस तर गेले नाहीत ना?"

इब्तिसामने सासूकडे पाहिलं आणि नकारार्थी मान हलवली. डॉक्टरांच्या कागदावरही 'नाही' होतं. कंबरेचा फोटो म्हणजे किरण पोटातूनच जाणार. तिथे जीव असेल तर त्याला विनाकारण झळ नको, म्हणून हा प्रश्न. मी तिला टेबलावर निजवलं, किरणांची चौकट कंबरेपुरती आवळली आणि हाज्जाला बाहेर थांबायला सांगितलं.

दारातून ती वळली. "लवकर आटप हं, बाई. पहिल्या दिवसापासून एकही रोजा सोडलेला नाही पोरीने. माझ्या लेकींचे दरसाल सहा-सात सुटतात!"

मी बटणापर्यंत गेले होते. तिथेच थांबले. पाळीत आमच्या बायका रोजा धरत नाहीत. सुटलेले मागाहून भरून काढतात. माझे स्वतःचे मी सोमवारी-गुरुवारी भरते.

दार लावून मी टेबलापाशी आले. "शेवटची पाळी कधी आली होती?"

"रमजानच्या आधी, पंधरा-एक दिवस." ती जराशी हसली. "या महिन्यात आलीच नाही. म्हटलं, अल्लाहची मेहेरबानी. लग्नानंतरचा पहिला रमजान, पुरा व्हावा म्हणून रोज दुवा मागत होते."

"अगं, कुठली दुवा कबूल झालीय ते आधी बघू या."

लघवीच्या तपासणीत दोन रेघा उमटल्या. डॉक्टरांनी कंबर दाबून पाहिली, चालायला लावलं. मुका मार आहे, फोटो नको, म्हणाले. मी कागदावरचं 'नाही' खोडून पाळीची तारीख लिहिली.

"मग आजचा रोजा?" इब्तिसामने विचारलं.

बातमी कळताच हाज्जाने बाहेरून पाण्याची बाटली आणली, झाकण काढून सुनेच्या हातात दिली.

"पी मुकाट्याने. सुटलेले मोजायला मी आहे."

आणि पिताना सुनेला संकोच नको म्हणून ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.