चर्चमधलं बक्षीस

तातेराव म्हणजे वडीगोद्रीच्या गायन पार्टीचा जुना गडी. पंचवीस वर्षं भीमजयंतीला माईक धरला त्यानं, अन् पोरीला, सुमेधाला, सहाव्या वर्षापासून शेजारी उभी करून गायला शिकवलं. त्याच पोरीनं जालन्याला नर्सची नोकरी करता करता प्रेम नावाच्या ख्रिश्चन पोराशी लग्न लावलं, तर ह्या गड्याचं डोकं फिरलं. दोन वर्षं बोलणं बंद. कुणी तिचं नाव काढलं की उठून जायचा. स्वतःच गळा तयार करायचा अन् स्वतःच कानात बोळे घालून बसायचं, याला काय म्हणावं?

डिसेंबरात पोरीचाच फोन आला. "बाबा, रविवारी पाच वाजता चर्चमधी नाताळची गाणी हायेत. एक गाणं मी एकटीच म्हणणार हाये. याल का?"

"बघू," तातेराव गुरकावला, अन् त्याच दिवशी नेहरू शर्ट इस्त्रीला टाकून आला. गुडघ्यांनी बेजार झालेली त्याची बायको बेबीनंदा दारापर्यंत आली. "चाललात तर मिटवून या," ती म्हणाली. "जुनं उकरू नका. बिलकुल न्हाई."

चर्च गच्च भरलं होतं. त्याला मागच्या बाकावर जागा मिळाली. पुढं पांढऱ्या कपड्यांत तीसेक बायका-पुरुष, अन् त्यांच्यासमोर एक बाई हातवारे करून गाणं चालवत होती. गाणं संपलं तरी कुणी टाळी वाजवली नाही. तातेरावाला काही ते पटलं नाही. माणसं एवढा जीव तोडून गातात अन् हे लोक ढिम्म बसलेत!

मंग सुमेधा दोन पावलं पुढं आली. बाळ गोठ्यात निजलंय, आईला थंडी वाजतीय, असं काहीसं गाणं होतं. दुसऱ्या कडव्यात तिनं आवाज वर नेला अन् श्वास न घेता हळूच खाली सोडला. गळ्याची ती जागा तातेरावाची होती. ओसरीवर बसवून, पोर रडेपर्यंत घोटून घेतली होती त्यानं. ती ऐकली अन् त्याचा दोन वर्षांचा राग कुठल्या कुठं गेला.

आता गायन पार्टीतली रीत अशी, की गाणं काळजाला लागलं की ऐकणारा उठतो, पुढं जाऊन बक्षिसाची नोट देतो. गाणारा थांबतो, देणाऱ्याचं नाव माईकवर पुकारतो, जय भीम म्हणतो अन् तीच ओळ पुन्हा धरतो. नुसतं बसून राहणं म्हणजे गाणं आवडलं नाही. तातेरावानं खिशातली शंभराची नोट काढली अन् बाकांमधल्या वाटेनं चालायला लागला. तोंडानं माफी मागणं त्याला सात जन्मांत जमलं नसतं. हे जमत होतं. पोरगी भरल्या सभेत बापाचं नाव घेईल अन् सगळं मिटेल.

पुढं जाऊन त्यानं हात लांब केला. सुमेधानं पाहिलं, बराबर पाहिलं. तिचा स्वर जरासा हलला, अन् तिनं नजर त्या बाईच्या हातांवर नेली. ओळ पुरी करून नोट घेईल, असं त्याला वाटलं. ओळ पुरी झाली, पुढची सुरू झाली. मागं कुणीतरी हसलं. तरी हा आपला नोट धरून उभाच. शेवटी प्रेम आला, कोपराला धरून हळूच म्हणाला, "मामा, चला, बाहेर बसू." जावई माणूस चांगला निघाला, तातेरावाला त्याच्यापुढंच जास्त लाज वाटली.

कार्यक्रम संपल्यावर अंगणात चहा-केक होता. सुमेधा आली. डोळे लाल झाले होते.

"लई भारी गायलीस," तातेराव म्हणाला.

"तुम्ही ऐकलं कुठं? मधीच उठलात."

"ऐकलं म्हणूनच उठलो ना, माय."

सुमेधानं चहाचा कप त्याच्या हातात दिला. "मला कळलं तुम्ही कशापायी आल्ते. पण ह्या लोकांना काय सांगू? दोन सालं झाली, अजून मला नवीनच म्हणतात. ह्या गाण्यासाठी दोन महिने मेहनत केल्ती मी." मंग खाली बघत म्हणाली, "पुढच्या साली नका येऊ, बाबा. व्हिडिओ पाठवत जाईन."

"बरं," तातेराव म्हणाला. "अन् आजचा?"

"पाठवते ना. तुम्ही पुढं आल्ते तेवढं कापायला सांगितलंय मी. कापलं की पाठवते."