गावातनं आलेला एकटा

"ती खुर्ची घरात न्या म्हणते न्हवं मी!" रंभाबाई देवळाच्या दारात कमरेवर हात ठेवून ओरडली.

कोंडीबा तिचा थोरला दीर. त्यानं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. धोतराच्या सोग्यानं खुर्ची पुसली आणि क्रुसाजवळ मांडली.

"भावजी, हिंदुराव पोत्यावर बसतो म्हणतोय की."

"म्हनू दे. आपुन खाली बसवला म्हनून गावात कळलं तर पाठ कुनाची सोलतील? तुझी का माझी?"

देऊळ म्हणजे गावाबाहेरच्या वस्तीतली एक पत्र्याची खोली. रंभाबाईच्या सासऱ्याच्या काळात वस्तीतली चार घरं येशूची झाली. तेव्हापासून दर रविवारी एक मागणं ठरलेलं, देवा, गावातलं एक तरी माणूस हितं येऊ दे. वीस वर्षं रंभाबाई ते मागत होती. गावानं कधी वाकूनसुद्धा बघितलं नाही. तुमचा देव तुमच्याकडं, आमचा आमच्याकडं.

आणि मग हिंदुराव आला. चांगला सहा एकरांचा मराठा गडी. दोन वर्षांमागं त्याला क्षयाचा खोकला लागला, तेव्हा घरच्यांनी त्याला रानातल्या खोपीत नेऊन टाकला. बायको लांबनं ताट ठेवून जायची. रंभाबाई त्याच्या रानात खुरपायला होती. दुपारच्या सुट्टीत ती बांधावर बसून बायबलातलं लूकचं पुस्तक मोठ्यानं वाचायची, तो आतनं ऐकायचा. एक दिवस आतनंच म्हणाला, "येशूनं त्या महारोग्याला हात लावला म्हणतीस, ते परत वाच." सोलापूरच्या दवाखान्यातल्या औषधानं तो बरा झाला, पण पुस्तक सुटलं नाही. देवळात येऊ लागला तशी भावानं घराची दारं लावली, आणि खोपीतच त्याचा संसार झाला.

रंभाबाईला वाटलं होतं, आता गाव आणि वस्ती जवळ येणार. झालं उलटंच.

हिंदुराव आला. खुर्ची बघितली आणि त्याचं डोकं फिरलं. "परत मांडली? कितींदा सांगू?" त्यानं खुर्ची उचलून दाराबाहेर ठेवली. "रंभाक्का, देवापुढं समदी सारखी म्हणून तूच वाचलंस न्हवं? मग ह्यास्नी कसलं भ्या? देवाचं न्हाई, गावाचं हाय. भेकड हायसा समदी!"

कोंडीबानं मान खाली घातली. बायका पदराचं टोक चावत बसल्या. तीन आठवडे रंभाबाईनं तोंडावर हात ठेवला होता. तो आता निघाला.

"भेकड? कुनाला म्हनतोस रं हिंदुराव?"

गावातल्या माणसाला वस्तीतल्या बाईनं एकेरी हाक मारलेली कुणी ऐकली नव्हती.

"तुझ्या भावानं चावडीवर सांगितलंय, ह्या वस्तीनं माझा भाऊ बाटवला, सुगीला हितली एक बाई रानात दिसता कामा न्हाई. अख्खा माघ बिनकामाचा चाललाय. ज्वारी काढायला कर्नाटकातनं गाडीभर बाया आनल्यात. आमी दारात बसून त्यांची गानी ऐकतोय. तू आलास, चांगलं झालं. पर तुझ्या येन्याचं मोल आमची प्वारं उपाशी राहून देत्यात. ह्ये तुला कुनी सांगितलं का? आन् वर भेकड म्हनतोस?"

हिंदुराव उभाच राहिला. "मला ठावं न्हवतं," एवढं म्हणाला आणि चालता झाला.

गाणी झाली, प्रार्थना झाली. रंभाबाईचं मन कशातच नव्हतं. वीस वर्षं मागितलेलं एक माणूस, आणि आपणच हाकलून दिलं. चिडावं कुणावर हेच तिला कळेना. गावावर, कोंडीबावर, का असलं मागणं ऐकणाऱ्या देवावर?

सोमवारी दिवस उगवायला हिंदुराव वस्तीत हजर. आत आला नाही. रस्त्यावरनंच म्हणाला, "माझी सहा एकर उभी हाय. चला. बाकीच्यांचं माझ्या हातात न्हाई."

सहा एकर म्हणजे फार तर आठवडाभराचं काम. पुढं काय, ते कुणी विचारलं नाही. बायका पदर खोचून निघाल्या, मागनं कोंडीबा. काळ्या रानाला भेगा पडलेल्या, ज्वारीचं ताट उपटताना तळहात सोलत होते. शेजारच्या बांधावर हिंदुरावाचा भाऊ दोन गड्यांना घेऊन येऊन उभा राहिला. सगळ्यांची तोंडं बघून ठेवली आणि गेला.

दुपारी माणसं लिंबाखाली भाकरीची फडकी सोडून बसली. हिंदुराव लांब उन्हात, एकटाच. रंभाबाईनं दोनदा बघितलं आणि तिला पुन्हा राग आला.

"आता तितं कशाला मेलास? ये हिकडं."

तो आला, सावलीच्या कडेला दोन बायकांच्या मध्ये मातीत बसला. फडकं सोडलं. आतली भाकरी एका बाजूला जळलेली, दुसऱ्या बाजूला कच्ची. रंभाबाईनं ती उचलली, आपली त्याच्या हातावर ठेवली आणि त्याची मोडून खाऊ लागली.

कोंडीबा दचकून उठला. "धनी, सावलीत सरका, सावलीत..."

"गप बसा, भावजी," करपलेला तुकडा चावत रंभाबाई म्हणाली. "धन्याची भाकरी असली असती व्हय?"